भिंतीवरची खतावणी



क्षमावणी झाली, आता दिवाळीचे वेध लागले. येत्या महिन्याभरात घरोघरी आवराआवर सुरू होईल. माळ्यावरच्या पितळी भांड्यांना चिंच लागेल, गाद्यांना ऊन दाखवले जाईल, दुकानासाठी नव्या वह्या सांगितल्या जातील. याच धांदलीत भिंतीवरच्या जुन्या तसबिरी खाली उतरतात. धूळ पुसली जात असताना घरातले एखादे मूल विचारते, "हे कोण?" आणि पुसणाऱ्याला उत्तर सापडत नाही. "असतील पणजोबांकडचे कोणी," असे म्हणून तसबीर पुन्हा खिळ्याला अडकवली जाते. कधी कधी अडकवलीही जात नाही.

आपण व्यापारी माणसे. ज्या नोंदीला तारीख नाही, नाव नाही, तपशील नाही, तिला आपल्या वहीत थारा नसतो. बिननावाचा फोटो ही तशीच नोंद होय. रक्कम समोर दिसते, पण ती कोणाच्या खात्यात टाकावी हे कळत नाही. म्हणून घरच्या घरी फोटोंची भिंत कशी उभारावी हे या महिन्याच्या सदरात सांगताना चौकटीपेक्षा माझा भर नावावर राहील. चौकट बाजारात केव्हाही मिळते. नाव सांगणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत चालली आहेत.

अक्कलकोटच्या जुन्या पेठेतील घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांच्या डोळ्यांसमोर एक चित्र सहज उभे राहील. जाड दगडमातीच्या भिंती, वर माळवद, आणि बैठकीच्या खोलीत छताला लागून तसबिरींची एक रांग. या तसबिरी भिंतीला सपाट टेकलेल्या नसत. खालची कड खिळ्यांवर आणि वरची कड दोरीने पुढे झुकलेली. गादीवर बसलेल्या माणसाला वरचे चेहरे नीट दिसावेत, हा त्यामागचा हेतू. त्या तिरप्या पोकळीत चिमण्या घरटी करीत, आणि पिल्ले उडून जाईपर्यंत आजोबांच्या तसबिरीला कोणी हात लावीत नसे. घराने पूर्वजांना उंच जागा दिली होती, ती आदरापोटी. पण त्या उंचीमुळे मुलांना चेहरे ओळखता आले नाहीत आणि मागे लिहिलेली अक्षरेही कोणी वाचली नाहीत.

ही अक्षरे आपल्या भागात मोठी मोलाची आहेत. अक्कलकोट हे सोलापूरपासून चाळीसेक किलोमीटरवरचे, महाराष्ट्राच्या अगदी कडेचे गाव. १९४८ पर्यंत येथे भोसल्यांचे संस्थान होते. कर्नाटकाची सीमा जवळ असल्यामुळे पेठेत मराठीच्या बरोबरीने कन्नड ऐकू येते, दखनीही ऐकू येते. सोलापूर जिल्ह्यातील आपला समाजही असाच अनेक वाटांनी आलेला आहे. कोणी पिढ्यांपूर्वी गुजरातेतून आलेले हुमड, कोणी सैतवाळ, कोणी घरात कन्नड बोलणारे पंचम, कोणी मारवाडातून आलेले ओसवाल. त्यामुळे जुन्या फोटोच्या पाठीवर कधी गुजराती ओळ निघते, कधी कन्नड, तर कधी मोडी. घरातला मोडी वाचणारा शेवटचा माणूस अजून हयात असेल, तर या दिवाळीत फराळाच्या ताटाआधी त्याच्यापुढे फोटो ठेवावेत.

फोटो ही वस्तू आज फुकट झाली आहे. तेव्हा ती तशी नव्हती. छायाचित्रणाचा शोध युरोपात १८३९ साली जाहीर झाला आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापनही झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या संस्थेतील आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी एक. या कलेत देशभर नाव मिळवणारे लाला दीनदयाळ हे आपल्याच समाजातले, ही गोष्ट आपल्या मुलांना क्वचितच ठाऊक असते. मीरतजवळच्या सरधना येथे एका जैन कुटुंबात १८४४ साली त्यांचा जन्म झाला. त्यांनी रुरकीला अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, इंदूरला नोकरी केली, आणि पुढे ते हैदराबादच्या निजामांचे छायाचित्रकार झाले. निजामांनीच त्यांना 'राजा' हा किताब दिला. हैदराबादेत १८९२ साली त्यांनी पडद्यातील स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ उघडला. तेथे कॅमेरा चालवणारीही स्त्रीच होती. स्त्रीचा चेहरा कागदावर यावा यासाठी तेव्हा केवढी व्यवस्था करावी लागे, हे यावरून कळते.

आपल्या घरांतील जुन्या फोटोंत पुरुष अधिक आणि स्त्रिया कमी का, याचेही उत्तर यातच आहे. पुरुषाचा फोटो दुकान उघडले म्हणून, मानपत्र मिळाले म्हणून काढला जाई. बाईचा फोटो लग्नात एकदा, तोही अनेकींच्या गर्दीत. पुष्कळ घरांत पणजीचा म्हणून जो मोठा फोटो आहे, तो एखाद्या समूहचित्रातील नखाएवढा चेहरा मोठा करून, त्यावर शाल आणि दागिने रंगवून तयार केलेला असतो. काही घरांत तर तिचा एकमेव फोटो तिच्या शेवटच्या दिवशीचा आहे.

थोरामोठ्यांची छायाचित्रे संस्था सांभाळतात. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांचा चेहरा पुढच्या पिढ्यांना अनोळखी राहणार नाही. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांच्या सिंधिया कंपनीचे 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून निघाले, तो दिवस देश आजही सागरी दिन म्हणून पाळतो. परंतु ज्वारी-तुरीची अडत चालवून चार मुलींची लग्ने करणाऱ्या, दुष्काळात उधारी माफ करणाऱ्या आपल्या आजोबांना सांभाळणारी संस्था एकच आहे, आणि ती म्हणजे आपले घर.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिले काम गोळा करण्याचे. कपाटातले अल्बम, ट्रंकेतली पाकिटे, दुकानाच्या गल्ल्याखालचा डबा, जुन्या पासबुकातले छोटे फोटो, सारे एका स्वच्छ चादरीवर मांडावे. तसबिरींच्या मागे कोळी, मुंगी, पाल असते. तेव्हा मऊ कुंचल्याने, जिवाला जपून, सावकाश काम करावे. हात कोरडे असावेत आणि फोटो कडेनेच धरावा. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, कारण चेहरा काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. तो काचेसकटच, सावलीत, चमक टाळून मोबाइलवर टिपून घ्यावा. मूळ फोटोला सेलोटेप लावू नये आणि त्याचे लॅमिनेशन करू नये.

दुसरे काम, आणि खरे काम, नावांचे. एक वही घ्यावी. प्रत्येक फोटोच्या पाठीवर कडेला हलक्या हाताने पेन्सिलीने क्रमांक घालावा; बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो, म्हणून ते टाळावे. वहीत त्या क्रमांकापुढे पाच रकाने असावेत: कोण, कोठे, केव्हा, कोणत्या प्रसंगी, आणि हे कोणी सांगितले. शेवटचा रकाना विसरू नये. जशी खतावणीतली रक्कम रोजकीर्दीतल्या नोंदीवर उभी असते, तसे नाव सांगणाऱ्याच्या आठवणीवर उभे असते. दोन आत्यांनी दोन नावे सांगितली तर दोन्ही लिहावीत. साल नक्की नसेल तर "अंदाजे" असे स्पष्ट लिहावे. समूहचित्र असेल तर त्यावर पातळ कागद ठेवून माणसांच्या आकृत्या काढाव्यात, आकृत्यांत आकडे घालावेत आणि खाली नावे लिहावीत.

घरातल्या वडीलधाऱ्यांना "हे कोण?" एवढेच विचारले की उत्तर लवकर संपते. "हे लुगडे कोणाचे होते?", "मागचा दरवाजा कुठल्या घराचा?", "या दिवशी जेवायला काय केले होते?" असे विचारले की आजी खुलते. ती बोलत असताना मोबाइलवर तिचा आवाज नोंदवून ठेवावा. फोटोत चेहरा उरतो, आवाज उरत नाही.

भिंतीवर कोणाला घ्यावे, हा प्रश्न सोपा वाटतो पण तसा नाही. त्या विषयी चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट घरच्या सुनांची. आपल्याकडे लग्नात पुष्कळ मुलींचे नाव बदलले जाते. एका बाईची दोन नावे, त्यांतले एक सासरच्या भिंतीवर, दुसरे कोठेच नाही, असे होते. चिठ्ठीवर तिची दोन्ही नावे लिहावीत, माहेरचे गाव लिहावे: फलटण, बारामती, नातेपुते, गुलबर्गा, जे असेल ते. जिचा फोटोच नाही, तिची चौकट रिकामी ठेवू नये. तिच्या हातची सामायिकाची वही, पत्राचे एखादे पान, उपवासांची नोंद असलेला कागद, यांची प्रत त्या चौकटीत लावावी आणि खाली नाव लिहावे. तिचे अक्षर तिच्या चेहऱ्याइतकेच तिचे आहे.

दुसरी गोष्ट सासरी गेलेल्या लेकींची. वंशवृक्षात त्या फांदीच्या टोकाशी थांबतात. भिंतीवर तरी त्यांना थांबवू नये. भावांच्या ओळीतच बहिणी असाव्यात.

तिसरी गोष्ट दीक्षा घेतलेल्यांची. ज्या घरातून कोणी दीक्षा घेतली आहे, तेथे हा पेच हमखास पडतो. त्यांनी घर सोडले, नाव सोडले, मग कुटुंबाच्या भिंतीवर त्यांना कसे आणावे? एक मार्ग मला उचित वाटतो. त्यांचा गृहस्थावस्थेतील फोटो गृहस्थ नावाने भावंडांसमवेत असावा. दीक्षेनंतरचे चित्र या भिंतीवर आणू नये, त्याची जागा वंदनेची आहे. चिठ्ठीवर दीक्षेचे वर्ष लिहावे. एवढ्याने त्यांचा त्यागही जपला जातो आणि घराची आठवणही.

चौथी गोष्ट दुकानातील माणसांची. दुकानाच्या उद्घाटनाच्या फोटोत मालकांच्या रांगेच्या कडेला कोणीतरी उभा असतो. ते दिवाणजी असतात, तोलार असतो, किंवा रात्री दुकानात झोपणारा हमाल. फोटो चौकटीत बसवताना नेमकी ती कड कापली जाते. ती कापू नये. त्याचे नाव विचारावे, त्याच्या घरी फोटोची एक प्रत द्यावी. आपल्या पेढीच्या भांडवलात त्याचा घामही जमा आहे.

अक्कलकोटात एका आप्तांच्या घरी गेल्या वर्षी अशी भिंत उभी राहिली. घरातल्या धाकट्या सुनेने हे काम अंगावर घेतले होते. बैठकीत तीन भावांचा एक जुना फोटो होता, दुकानाच्या पायरीवर काढलेला. मधल्या मुलाच्या मांडीवर एक लहान मूल. सर्वांत धाकट्या भावाच्या खांद्यावर एक हात होता. पण त्या हाताला माणूस नव्हता, चौकटीची कड तेथेच संपत होती. पन्नासहून अधिक वर्षे घरातली माणसे तो फोटो पाहत होती आणि त्या हाताबद्दल कोणी विचारले नव्हते. सुनेने साफसफाईसाठी मागची पाटी उघडली, तेव्हा फोटोचा चौथा हिस्सा मागे दुमडलेला निघाला. त्यात थोरला भाऊ होता.

सासूबाईंनी मग सांगितले. वाटणी झाली होती, दुकानाच्या जागेवरून शब्दाला शब्द लागला होता, थोरल्यांनी गाव सोडले. फोटो कापायला कोणाचा हात धजावला नाही, म्हणून दुमडला. पुढे दोन्ही घरांत मुले झाली, नातवंडे झाली. क्षमावणीची छापील पत्रे दरवर्षी शेकड्यांनी गेली, एका पत्त्यावर तेवढी गेली नाहीत.

सुनेने कोणाशी वाद घातला नाही. तिने फोटो उलगडून पूर्ण चौकट करून घेतली. घडीची पांढरी रेघ मधोमध तशीच राहू दिली. मग सासऱ्यांच्या संमतीने एक प्रत थोरल्यांच्या नातवाकडे पाठवली. सोबत चारही भावांची आणि मांडीवरच्या मुलाची नावे. आठवड्याभराने तिकडून दोन ओळी आल्या. मांडीवरच्या मुलाचे नाव चुकले आहे, ते आमच्या आत्या आहेत, झबल्यामुळे मुलगा वाटतो. कृपया दुरुस्त करावे. त्या पत्रात क्षमा नव्हती, तक्रारही नव्हती. पण वर्षानुवर्षे बंद पडलेल्या खात्यात पहिली नोंद झाली होती. चिठ्ठी बदलली गेली. त्या आत्या आज हयात आहेत, आणि घडीच्या दोन्ही बाजूंची माणसे त्यांना ओळखतात.

म्हणून म्हणते, भिंत उभारताना आपल्या घरातल्या अशा घड्या तपासाव्यात. ज्याचा फोटो आपण खाली उतरवून ठेवला आहे, त्याला "उत्तम क्षमा" म्हणणे अवघड असते. त्याची चौकट पुन्हा लावणे कदाचित त्याहून सोपे जाईल.

आता भिंतीची रीत. मूळ फोटो कधीच टांगू नयेत. चांगल्या लॅबमधून प्रती काढून त्या टांगाव्यात. लहान फोटो मोठा करायचा असेल तर तो ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्यावा. मूळ फोटो साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळून, कोरड्या डब्यात, कपाटाच्या मधल्या खणात ठेवावेत. माळ्यावर उन्हाळ्याची धग लागते आणि जमिनीलगत ओल व वाळवी येते. चिकट पानांवर पारदर्शक पडदा असलेल्या जुन्या अल्बमांतून फोटो सहज निघत असतील तर सोडवून घ्यावेत. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो तर आधी टिपून घ्यावेत. त्यांचे रंग उडून ते तांबूस होत जातात. त्यांच्या आधीचे कृष्णधवल फोटो पुष्कळदा त्यांच्याहून ठणठणीत असतात.

भिंत निवडताना तीन भिंती टाळाव्यात: दुपारचे ऊन थेट येणारी, मागे न्हाणीघर असलेली, आणि स्वयंपाकघराच्या वाफेची. देवघराची भिंतही नको. जिनबिंब आणि कुटुंबातील माणसे एका ओळीत मांडू नयेत. माजघर, जिना किंवा बैठकीची आतली भिंत उत्तम. माती-चुन्याच्या जुन्या भिंतीत वीस खिळे ठोकले तर गिलावा सुटतो. त्याऐवजी एक लांब सागवानी पट्टी चार-पाच स्क्रूंनी पक्की बसवावी आणि सर्व चौकटी त्या पट्टीवरून आकड्यांनी सोडाव्यात. माणसे वाढली की चौकटी सरकवता येतात, भिंतीला पुन्हा भोक पडत नाही.

टांगण्यापूर्वी प्रत्येक चौकटीच्या मापाचा रद्दीचा कागद कापून भिंतीवर चिकटवावा आणि दोन दिवस येता-जाता पाहावा. जागा पटली की मगच काम करावे. दोन चौकटींत दोन इंच अंतर पुरे. मांडणीचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर असावा. एक ओळ मात्र तीन फुटांवर, मुलांच्या डोळ्यांसमोर लावावी. फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची किनार हवी, म्हणजे दमट हवेत फोटो काचेला चिकटत नाही. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागे रबराचे तुकडे लावावेत, मागून वारा खेळतो. प्रत्येकाखाली देवनागरीत, वाचता येईल अशा अक्षरांत, नावाची चिठ्ठी असावी. वहीची एक प्रत आणि सर्व स्कॅन पुण्या-मुंबईच्या शाखेकडेही ठेवावेत. एकाच ठिकाणचा माल एका पावसात जातो.

किती फोटो लावावेत? परिग्रहाला परिमाण घालणारी आपली परंपरा. तीच मोजपट्टी येथेही लावावी. मोबाइलमध्ये हजारो फोटो आहेत, म्हणूनच भिंतीवर थोडे असावेत. बारा चौकटींनी सुरुवात करावी. नवी लावायची तर एखादी जुनी वहीत नोंद करून डब्यात जावी.

एक शंका काही वडीलधारे उपस्थित करतात. आत्मा पुढच्या गतीला गेला, देह गेला, मग चित्राचा मोह कशाला? शंका रास्त आहे. द्रव्य टिकते, पर्याय पालटतात. फोटो हा एका पर्यायाच्या एका क्षणाचा. त्याला हार घालून, उदबत्ती ओवाळून देव करण्याचे कारण नाही. पण ज्यांनी आपल्यासाठी कष्ट घेतले त्यांचे नाव न विसरणे हा मोह नव्हे, ती कृतज्ञता आहे. घेतलेल्या रकमेची नोंद ठेवणारा माणूस लोभी ठरत नाही, प्रामाणिक ठरतो.

या दिवाळीला वहीपूजन होईल, दुसऱ्या दिवशी नवे वीर निर्वाण संवत लागेल. त्याआधीच्या एखाद्या रविवारी दुपारी दुकान बंद झाल्यावर घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीशेजारी बसावे, हातात पेन्सिल घ्यावी आणि पहिला फोटो पुढे करावा. बारा जमले नाहीत तरी चालेल. एकाचे नाव तेवढे नक्की करून घ्यावे.

जय जिनेंद्र.